गुडघ्याची गादी गोळीने भरून येते का?

पत्र: «आईचं वय ६३. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रे काढल्यावर 'सांध्यातली फट कमी झालीय, गादी झिजलीय' असं सांगितलं. तेव्हापासून ती ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनची गोळी, कोलॅजनची पावडर आणि हळदीच्या अर्काची कॅप्सूल घेतेय. आठ महिने झाले. बरं वाटतंय म्हणते. पण गादी भरेपर्यंत गुडघा जपायचा म्हणून तिने चालायला जाणं बंद केलंय, जिनाही टाळते. भाऊ म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, बंद कर. तसं म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात 'तीन वर्षांच्या अभ्यासात सिद्ध' असं छापलंय. यात खरं किती? हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे ती वॉरफरिन घेते, बाकी तब्येत ठीक. — एक मुलगी»

ताई,

पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे: आई वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेतात. म्हणून गादीचं बोलण्याआधी हे सांगते. ग्लुकोसामाइन आणि वॉरफरिन एकत्र घेतल्यावर रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याच्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढल्याच्या आणि काही वेळा रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. हळदीच्या अर्काबाबतही अशीच सावधगिरी सांगितली जाते. प्रत्येकाला असं होतं असं नाही. पण आईंच्या हृदयाच्या डॉक्टरांना या तीन डब्यांबद्दल माहीत आहे का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. तिन्ही डबे पिशवीत घालून त्यांच्याकडे न्या आणि आयएनआर तपासून घ्या. वॉरफरिन मात्र स्वतःहून एक दिवसही चुकवू नका. या गोळ्या बंद करायचं ठरलं तर तेही त्यांना सांगूनच करा, कारण गेल्या आठ महिन्यांत वॉरफरिनचा डोस कदाचित या गोळ्या चालू असतानाच बसवला गेला असेल. त्या एकदम थांबल्या तर आयएनआर उलट्या बाजूला सरकू शकतो. हिरड्यांतून रक्त, कारण नसताना अंगावर काळे-निळे डाग, काळी शौच, लघवीत रक्त, किंवा एखादा गुडघा अचानक सुजून गरम होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या सांध्यातच रक्त उतरू शकतं आणि ते नेहमीच्या गुडघेदुखीसारखं वाटून दुर्लक्षित राहतं.

आता गादी. आपण जिला गादी म्हणतो ती कूर्चा. हाडांच्या टोकांवर असलेला हा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत, ओला थर. त्याच्या वजनातला मोठा भाग पाणीच असतं. ते पाणी धरून ठेवणारे रेणू एका घट्ट जाळीत अडकलेले असतात आणि ती जाळी कोलॅजनची असते. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. त्वचेला जखम झाली की रक्त येतं, खपली धरते, भरून येतं. कूर्चेला ही सोय नाही. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही. तेव्हापासून वैद्यकशास्त्र फार पुढे गेलं, पण या एका बाबतीत त्याचं निरीक्षण अजून कोणी पुसून टाकू शकलेलं नाही.

हे किती खोलवर खरं आहे ते २०१६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवलं. विसाव्या शतकाच्या मध्यात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं आणि नंतर हळूहळू उतरलं. जी ऊती सतत नव्याने बनते, तिच्यात त्या त्या काळातला कार्बन सापडायला हवा. गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजनमध्ये मात्र त्या माणसाच्या वाढीच्या वयातलाच कार्बन सापडला. म्हणजे ही जाळी मुलं मोठी होत असताना विणली जाते, आणि नंतर आयुष्यभर जवळजवळ तीच राहते. दुखऱ्या गुडघ्यातही ती नव्याने विणली जात असल्याचं दिसलं नाही. हा निष्कर्ष वाचताना मला वाईट वाटलं होतं, कारण माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक पेशंटला मला याच्या उलट सांगायला आवडलं असतं.

या पार्श्वभूमीवर 'कूर्चा ज्याची बनते ते खाल्लं की कूर्चा बनते' हा युक्तिवाद तपासून पाहा. ऐकायला तो सरळ वाटतो, आणि म्हणूनच त्याचा पगडा बसतो. ग्लुकोसामाइन हा कूर्चेतल्या रेणूंचा कच्चा माल आहे हे खरं. प्रयोगशाळेत बशीतल्या कूर्चापेशींवर ते ओतलं की पेशी प्रतिसाद देतात, हेही खरं. पण रोजची १५०० मिलिग्रॅमची मात्रा पोटातून गेल्यावर रक्तात आणि सांध्याच्या द्रवात जेवढं ग्लुकोसामाइन पोहोचतं, त्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त मात्रा अशा अनेक प्रयोगांत वापरलेली असते. शिवाय शरीर ग्लुकोसामाइन साध्या साखरेपासून स्वतःच तयार करतं. झिजलेल्या कूर्चेत मुळात जाळीच तुटलेली असते. तिथे कच्चा माल कमी पडलाय म्हणून काम अडलंय, असं नाही.

माहितीपत्रकात उल्लेख असलेला तीन वर्षांचा अभ्यास म्हणजे बहुधा २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. २१२ पेशंट, निम्म्यांना ग्लुकोसामाइन सल्फेट, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. तीन वर्षांनी औषध नसलेल्या गटात सांध्याची फट सरासरी ०.३१ मिलिमीटरने कमी झाली, ग्लुकोसामाइनच्या गटात ०.०६ मिलिमीटरने. अभ्यास खरा आहे आणि निष्काळजीपणे केलेला नव्हता. पण आकडे नीट वाचा. दोन्ही गटांत फट कमीच झाली आहे. कोणत्याच गटाची गादी भरलेली नाही. फार तर झीज मंदावली असं म्हणता येईल. त्यातही एक अडचण आहे. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. ते एक्स-रे उभं राहून, गुडघा पूर्ण सरळ करून काढले होते. ज्याचा गुडघा कमी दुखतो तो जास्त सरळ उभा राहू शकतो, आणि गुडघ्याचा कोन जरासा बदलला तरी फटीचं माप बदलतं. मोजलेला फरक मिलिमीटरच्या पावभर आहे. या शंकेचं समाधान झाल्याशिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवणं मला कठीण जातं. शिवाय हा अभ्यास ते औषध बनवणाऱ्या कंपनीच्या पाठबळावर झाला होता. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही, पण स्वतंत्रपणे कोणी पुन्हा करून पाहिलं का, हे विचारावंच लागतं.

अमेरिकेत सरकारी पैशातून तसा एक मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीचे १५८३ पेशंट, २४ आठवडे. दुखणं निदान २० टक्क्यांनी कमी झालेल्यांचं प्रमाण ग्लुकोसामाइनच्या गटात ६४ टक्के होतं, कॉन्ड्रॉइटिनच्या गटात ६५, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ६७ च्या आसपास. वाचून वाटतं, वा, चांगलाच गुण आला. पण ज्यांच्या गोळीत काहीच औषध नव्हतं त्यांच्यातही ते ६० टक्के होतं. हा फरक योगायोगाने पडू शकतो एवढाच आहे. ज्यांचं दुखणं जास्त होतं अशा छोट्या गटात दोन्ही एकत्र घेतल्याचा फायदा दिसला होता, आणि जाहिरातींत तोच उचलला जातो. ते संशोधक स्वतः मात्र म्हणाले की हा भाग पुन्हा तपासून पाहायला हवा. त्यातल्याच ५७२ जणांचे गुडघे पुढे दोन वर्षं एक्स-रेवर पाहिले. फट कमी होण्याच्या वेगात गटागटांत भरवशाचा फरक सापडला नाही.

२०१० मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १० चाचण्यांतल्या ३८०३ पेशंटांचा हिशोब एकत्र मांडला गेला. दुखण्याच्या १० सेंटिमीटरच्या पट्टीवर या गोळ्यांनी पडणारा फरक अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी होता. कंपन्यांशी संबंध नसलेल्या चाचण्यांत तो आणखी कमी होता.

दुसरी बाजू लपवत नाही. ऑस्ट्रेलियात ६०५ जणांवर दोन वर्षं झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही घटक एकत्र घेणाऱ्यांची फट ०.१० मिलिमीटरने कमी झिजली, पण दुखण्यात मात्र रिकाम्या गोळीपेक्षा फरक नव्हता. आणि तज्ज्ञांत एकमत नाही हेही खरं. हाडं आणि सांध्यांवर काम करणारा एक युरोपीय गट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या शुद्ध स्फटिकरूप ग्लुकोसामाइन सल्फेटची शिफारस करतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन दोन्ही देऊ नका असं ठामपणे म्हटलं, आणि ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनीही २०२२ मध्ये ग्लुकोसामाइनला नकार दिला. मी सगळा पुरावा पाहून नकार देणाऱ्यांच्या बाजूला उभी आहे. पण ग्लुकोसामाइनची शिफारस करणाऱ्यांच्या पुराव्यातही फार तर झीज थोडी मंदावते; नवी गादी तयार झाल्याचं त्यातही दिसत नाही.

मग आईंना बरं का वाटतं? त्यांचं बरं वाटणं खरं आहे, आणि भावाने 'थोतांड' म्हणून ते उडवून लावू नये. वरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात रिकामी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साठ जणांनाही बरं वाटलंच होतं की. गुडघ्याचं दुखणं चढत-उतरत असतं. माणूस डॉक्टरकडे जातो, नवं औषध सुरू करतो ते बहुतेक वेळा दुखणं चढलेलं असताना. त्यानंतर ते काहीसं उतरणारच असतं, आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या डब्याला मिळतं. आपण स्वतःसाठी रोज काहीतरी करतोय या भावनेनेही दुखणं हलकं होतं, आणि हे हलकं होणं मनाचे खेळ म्हणून झटकण्यासारखं नसतं.

बाकीच्या दोन डब्यांबद्दल. कोलॅजन हे प्रथिन आहे. पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, त्यातले काही छोटे तुकडे रक्तात पोहोचतात, पण तिथून ते गुडघ्यात जाऊन जाळीच्या तुटलेल्या जागी बसतात, असं माणसांत कोणी दाखवलेलं नाही. ४० मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेत, न शिजवलेल्या स्वरूपात दिलं जाणारं एक वेगळं कोलॅजनही मिळतं. २०१६ च्या १९१ जणांच्या चाचणीत त्याने दुखणं कमी झालं, पण पैसा उत्पादकाचा होता आणि तपासलं ते मुख्यतः दुखणं आणि हालचाल. कोलॅजनच्या पावडरीने आईंचं नुकसान होण्याची शक्यता कमी आहे. गादीच्या आशेने मात्र ती घेऊ नये.

हळदीच्या अर्काबाबत पुरावा थोडा बरा आहे आणि धोका थोडा जास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर ७० जणांवर १२ आठवडे झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दुखण्याच्या १०० मिलिमीटरच्या पट्टीवर हळदीने सुमारे ९ मिलिमीटरचा जास्तीचा आराम दिला. एमआरआयवर मात्र सूज आणि कूर्चा जशीच्या तशी. म्हणजे ती वेदनाशामकासारखं सौम्य काम करत असेल. पण अर्काच्या कॅप्सूलमधलं प्रमाण स्वयंपाकातल्या हळदीपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि शोषण वाढावं म्हणून अनेकदा त्यात मिऱ्यांचा अर्कही घातलेला असतो. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० जणांची माहिती मांडली, त्यातला एक दगावला. असं क्वचितच होतं. तरी वॉरफरिन चालू असताना मी तरी ही कॅप्सूल आईंच्या हातात देणार नाही.

कोणी 'ड' जीवनसत्त्व किंवा माशाच्या तेलाने कूर्चा वाढते असं सांगितलं, तर तेही तपासून झालंय. 'ड' जीवनसत्त्वाच्या २०१३ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दोन वर्षांनंतरही कूर्चेच्या झिजेत फरक पडला नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी ते घ्यावंच. माशाच्या तेलाच्या जास्त मात्रेनेही कूर्चा वाचल्याचं दिसलं नाही, आणि तेही रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत विचारल्याशिवाय नको.

आणखी एक अभ्यास सांगायलाच हवा. सांध्यात टोचायचं स्प्रिफर्मिन नावाचं एक प्रायोगिक औषध आहे. ५४९ जणांच्या चाचणीत, २०१९ मध्ये आलेल्या निकालानुसार, त्याच्या जास्त मात्रेने दोन वर्षांत कूर्चेची जाडी रिकाम्या इंजेक्शनच्या तुलनेत सरासरी ०.०५ मिलिमीटरने जास्त राहिली. आणि दुखणं? दोन्ही गटांत सारखंच. एक्स-रेवर फट अगदी कमी दिसत असताना आरामात फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि फट ठीक असूनही रडकुंडीला आलेलीही. कूर्चेला तर नसाच नाहीत. दुखतं ते आतल्या अस्तराला, हाडाला, सभोवतालच्या भागाला, आणि ताकद गेलेल्या मांडीमुळे त्या सगळ्यांवर येणाऱ्या भाराने.

म्हणून मला काळजी वाटते ती आईंनी चालणं सोडल्याची. त्या तिन्ही डब्यांपेक्षा ही काळजी मोठी आहे.

कूर्चेला रक्त मिळत नाही मग ती जगते कशावर? सांध्यातल्या द्रवावर. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, पाणी बाहेर पडतं. भार उतरला की ओल्या स्पंजासारखी पुन्हा पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर पोषणही. मणक्याला इजा होऊन पाय निकामी झालेल्या माणसांच्या गुडघ्यांत एमआरआयवर काय दिसलं माहीत आहे? इजेनंतर पहिल्या दोन वर्षांतच, सांध्याला काहीही झालेलं नसताना, कूर्चा पातळ होत गेली होती. तिला भार लागतो. आई गादी जपायला म्हणून बसून राहिल्या आहेत आणि त्यामुळेच गादीची आबाळ होते आहे, मांडीचे स्नायूही उतरत आहेत. गादी भरण्याचं आश्वासन त्यांना मिळालं नसतं तर त्या आठ महिने अशा वाट पाहत थांबल्या नसत्या. माझा या डब्यांवरचा खरा राग हा आहे.

व्यायामाने गुडघेदुखी कमी होते याचा पुरावा या सगळ्या गोळ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे, डझनावारी चाचण्यांतला आहे. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून आईंना आधी एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे न्या, पहिले काही दिवस त्यांच्या नजरेखाली होऊ द्या. साधारण असं असेल: खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मग हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला खुर्ची उंच घ्या, उशी ठेवा, जमेल तशी ती काढून टाका. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत. पहिले दोन-तीन आठवडे दुखेल, आणि आईंना वाटेल झीज होतेय. त्यांना आधीच सांगून ठेवा की व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी थोडं कमी करायचं, बंद नाही करायचं. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात.

वजन जास्त आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. असेल, तर ते एक किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असं एका अभ्यासात मोजलं गेलंय. दुखणं फार वाढलं तर घरात पडलेली वेदनाशामक गोळी देऊ नका. वॉरफरिनसोबत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. वरून लावायचं मलमही डॉक्टरांना विचारूनच.

आणि बोलायचं कसं? भावाला सांगा, 'थोतांड' हा शब्द आता बाजूला ठेव. आई या डब्यांत आपली भीती ठेवून बसल्या आहेत. डबा हिसकावला तर भीती मोकळी होते. आधी चालणं सुरू करा. डॉक्टरांनी संमती दिली की पहिल्यांदा ग्लुकोसामाइन आणि हळद थांबवा, कोलॅजन हवं तर राहू द्या. एका वहीत रोज रात्री दोनच गोष्टी आईंनी स्वतःच्या हाताने लिहायच्या: आज दुखणं दहापैकी किती, आणि खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठले. गोळ्या चालू असतानाच वही सुरू करा, म्हणजे त्या थांबवल्यावर काय झालं हे आईंना स्वतःच्या अक्षरात दिसेल. त्या पानांवर त्यांचा विश्वास बसेल, माझ्या किंवा भावाच्या सांगण्यापेक्षा जास्त.

आयएनआरचा आकडा कळला की एका ओळीत मला कळवा.